उभ्याने चालवायच्या जेट स्कीत एक्झॉस्ट पाइपचे तापमान कसे जुळवावे

नवा एक्झॉस्ट पाइप बसवून जेट स्की पहिल्यांदा पाण्यात उतरवली की अनेकांच्या पदरी निराशा येते. पाइप महाग असतो, तो बसवण्यात दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि प्रत्यक्षात इंजिन एकतर थ्रॉटल दाबताच अडखळते किंवा वर जाता जाता मध्येच दम सोडते. माझ्या बाबतीतही हेच घडले, आणि पाइपच सदोष आहे असे समजून मी बरेच दिवस चुकीच्या जागी शोध घेत राहिलो. पाइप उत्तम होता. त्याच्या आतले तापमान माझ्या इंजिनाशी जुळलेले नव्हते. ते कोणत्या क्रमाने जुळवावे आणि या कामात इंजिन गमावण्याचा धोका नेमका कुठे असतो, हे पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यांसाठी येथे सविस्तर मांडतो.

हा लेख फक्त टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. यामाहाची १९९० ते २०२० या काळातली सुपरजेट आणि कावासाकीची २००३ ते २०११ मधली ८०० एसएक्स-आर ही त्यातली सर्वांच्या ओळखीची उदाहरणे. कावासाकीची २०१७ पासूनची एसएक्स-आर आणि यामाहाची २०२१ पासूनची सुपरजेट ही फोर-स्ट्रोक यंत्रे आहेत. त्यांना यातले काहीही जसेच्या तसे लागू करू नये.

१. स्क्रूला हात लावण्यापूर्वी पाइपात काय घडते ते समजून घ्या

टू-स्ट्रोक इंजिनाचा पाइप केवळ धूर बाहेर नेत नाही. एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलेंडरातून धूर बाहेर पडण्याचे दार, उघडताच दाबाची एक लाट पाइपात धावत जाते, फुगत जाणाऱ्या भागातून जाताना ती मागे ओढ निर्माण करते, आणि पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परत येते. ही परतलेली लाट पोर्ट बंद होण्याच्या अगदी आधी पोहोचली, तर बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण ती पुन्हा सिलेंडरात ढकलते. ती लवकर आली काय किंवा उशिरा आली काय, फायदा होत नाही आणि प्रसंगी तोटाच होतो. सगळा खेळ या वेळेचा आहे.

लाटेचा वेग म्हणजे त्या वायूतला ध्वनीचा वेग, आणि तो निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पाइपातल्या वायूचे सरासरी तापमान समजा ५२५ अंश सेल्सिअसवरून ३७५ अंशांवर आले, तर लाट सुमारे १० टक्के हळू होते. पाइपची लांबी तर बदलत नाही. म्हणजे जो पाइप इंजिनाच्या मिनिटाला ६८०० फेऱ्यांना सर्वांत चांगली साथ देत होता, तोच आता साधारण ६१०० फेऱ्यांना देऊ लागतो. जणू पाइप न कापता, न जोडता तुम्ही त्याची लांबी वाढवली.

हे तापमान हाती धरण्याचे साधन म्हणजे पाइपात सोडले जाणारे पाणी, ज्याचे प्रमाण स्क्रूने कमी-जास्त करता येते. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, पण तेच पाणी उकळून वाफ व्हायला आणखी सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणूनच पाण्याची बारीकशी धारसुद्धा वायूला झपाट्याने थंड करते, आणि म्हणूनच स्क्रूचा पाव फेरा एखाद्या मोठ्या बदलाइतका जाणवू शकतो.

येथे एक अडचण मुळातच आहे. थंड करणारे पाणी जेट पंपातून येते, आणि पंपाचा दाब फेऱ्यांबरोबर वाढतो. वरच्या फेऱ्यांना पाइप गरम हवा असतो, पण नेमके तेव्हाच पाणी अधिक येते. काही प्रगत पाइपांत ठरावीक फेऱ्यांच्या वर पाणी बंद करणारा विद्युत व्हॉल्व्ह असतो, तो यासाठीच. तुमच्या पाइपला तो नसेल, तर तुम्ही करणार आहात ती एक तडजोड आहे, आणि ती खालच्या जोरासाठी करायची की वरच्या वेगासाठी, हे आधीच ठरवून ठेवा. लाटांवर उड्या मारणाऱ्याला खालचा जोर हवा असतो; लांब सरळ शर्यतीत धावणाऱ्याला वरचा. दोन्ही टोके एकाच बसवणीत मिळवण्याच्या हट्टापायी मी पाहिलेली बहुतेक इंजिने बिघडलेली आहेत.

२. जवळ काय असावे

पाइपसोबत आलेले माहितीपत्रक हे पहिले कागदपत्र. त्यात प्रत्येक पाण्याच्या स्क्रूची सुरुवातीची जागा दिलेली असते. पाइप जुना घेतला असेल तर ते पत्रक मिळवल्याशिवाय काम सुरू करू नका. त्याखेरीज:

- नोंदवही आणि पेन, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत
- टॅकोमीटर, म्हणजे फेरे दाखवणारे मीटर. शक्यतो सर्वोच्च आकडा लक्षात ठेवणारे
- वेग मोजण्यासाठी जीपीएस
- इन्फ्रारेड थर्मामीटर
- जमल्यास के-टाइप थर्मोकपलचे एक्झॉस्ट तापमान मीटर, प्रत्येक सिलेंडरसाठी वेगळा प्रोब
- चपटा आखूड स्क्रू ड्रायव्हर, स्पार्क प्लगचा पाना आणि त्याच उष्णता श्रेणीचे नवे प्लग
- सिलेंडरात डोकावण्यासाठी बारीक टॉर्च
- पाइपच्या रबरी जोडाचा एक सुटा तुकडा आणि क्लॅम्प
- पितळी जेटचा, म्हणजे पाण्याचे प्रमाण ठरवणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यांचा संच, तुमच्या पाइपला ते लागत असतील तर

इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल एक सूचना. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फार कमी सोडते, त्यामुळे अशा पाइपवर हे यंत्र प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. ज्या ठिकाणी मोजणार तेथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या, चमक नसलेल्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि दरवेळी त्याच ठिपक्यावर मोजा.

अंगात जीवरक्षक जाकीट, मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी आणि खाली जाड निओप्रिनची चड्डी असल्याशिवाय चाचणीला जाऊ नका. नोझलमागे पडल्यास पाण्याच्या झोताने शरीराच्या आत गंभीर इजा होऊ शकते. साधे पोहण्याचे कपडे त्यापासून वाचवत नाहीत.

३. पाइपच्या आधी इंजिन निर्दोष करा

पाइप जुळवणे हे शेवटचे काम आहे. क्रँककेसमधून किंवा कार्बोरेटरच्या बुडातून हवा गळत असेल, दोन सिलेंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये फरक असेल किंवा इंधनाच्या नळ्या जुनाट असतील, तर त्या दोषाची लक्षणे हुबेहूब पाइपच्या दोषासारखी दिसतात, आणि तुम्ही स्क्रू फिरवत बसता. हलक्या दाबाची हवा भरून गळती तपासा, कॉम्प्रेशन मोजा, नळ्या बदला.

कार्बोरेटर सुरुवातीला मुद्दाम थोडा रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असा ठेवा. पाइप गरम केल्यावर इंजिन वरच्या फेऱ्यांत अधिक मिश्रण मागते. कार्बोरेटर आधीच काठावर असेल तर पाइपचा पाव फेरा त्याला लीनकडे, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याकडे, ढकलतो आणि पिस्टन वितळण्याची वेळ येते. थोडे अडखळणारे इंजिन दुरुस्त करता येते, भोक पडलेला पिस्टन मात्र करता येत नाही.

इंधन, तेलाचे प्रमाण आणि इग्निशनची वेळ संपूर्ण चाचणीभर एकच ठेवा. इग्निशन मागे घेतले की एक्झॉस्ट अधिक तापते, पुढे नेले की थंड होते. म्हणजे इग्निशनला हात लावला की पाइपची आधीची सगळी बसवणी निरर्थक ठरते.

४. पाण्याचा प्रत्येक मार्ग ओळखा आणि साफ करा

येथे घाई करू नका. माहितीपत्रक समोर ठेवून प्रत्येक पाण्याची नळी कोठून येते आणि कोठे जाते ते कागदावर रेखाटा. साधारणपणे पाण्याची दोन निरनिराळी कामे असतात. हेडपाइपमध्ये (इंजिनाजवळच्या पहिल्या भागात) किंवा चेंबरमध्ये (पुढच्या फुगीर भागात) सोडलेले पाणी लाटेचा वेग ठरवते. स्टिंगरमध्ये, म्हणजे चेंबरच्या शेवटच्या अरुंद नळीत सोडलेले पाणी पुढचा रबरी जोड आणि वॉटरबॉक्स, म्हणजे त्यापुढचा सायलेन्सरचा डबा, जळू नये यासाठी असते. काही पाइपांत चेंबरमध्ये पाणी जातच नाही, फक्त स्टिंगरमध्ये जाते. त्यांना ड्राय पाइप म्हणतात, आणि त्यांत तापमान जुळवण्याची मुभा फारच थोडी असते.

स्टिंगरचे पाणी कधीही पूर्ण बंद करू नका. हे वाक्य मी ठासून लिहिले आहे, त्याला कारण आहे. एका सकाळी माझे इंजिन नेहमीपेक्षा फारच छान धावत होते, वरचे फेरे सहज मिळत होते, आणि मी त्या आनंदात चार-पाच लांब फेऱ्या मारल्या. काठावर येऊन झाकण उघडले तेव्हा जळक्या रबराचा वास आला. जोड बाहेरून किंचित फुगलेला दिसत होता, एवढेच. क्लॅम्प सोडून तो काढला तर आतली कातडी कोळशासारखी सुटून हातात आली. स्टिंगरच्या पितळी जेटमध्ये मोहरीहून लहान असा वाळूचा एक कण आडवा बसला होता. आणखी एक-दोन फेऱ्यांत तो जोड फुटला असता आणि ज्वालाग्राही वाफा असलेल्या बंद हलमध्ये, म्हणजे जेट स्कीच्या पोकळ सांगाड्यात, थेट गरम वायू शिरला असता. तेव्हापासून पाण्याच्या मुख्य नळीवर बारीक चाळणी लावल्याशिवाय आणि प्रत्येक जेट उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही. एखाद्या दिवशी इंजिन अचानक जास्तच चांगले धावू लागले, तर आधी पाणी तपासा.

जेट बदलताना भोकाचा व्यास नव्हे, क्षेत्रफळ डोळ्यांपुढे ठेवा. १.० मिलिमीटरऐवजी १.२ मिलिमीटरचा जेट लावला, तर व्यास २० टक्क्यांनी वाढला असे वाटते, पण त्याच दाबाला पाणी सुमारे ४४ टक्के जास्त जाते.

जमिनीवर बागेच्या नळीने पाणी देऊन इंजिन चालवायचे असेल, तर क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी इंजिन सुरू, मग पाणी सुरू, थांबताना आधी पाणी बंद, मग इंजिन बंद. उलट केले तर पाणी पाइपमधून मागे सिलेंडरात जाते. सुरू करण्यापूर्वी झाकण उघडून साचलेल्या पेट्रोलच्या वाफा जाऊ द्या, आणि हे काम मोकळ्या हवेतच करा.

५. सुरुवातीची नोंद घ्या

प्रत्येक स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवा, किती फेरे गेले ते मोजा, लिहा, आणि मग पत्रकात दिलेल्या जागी आणा. आवळून बसवू नका; टोक खराब झाले की मोजमापाला अर्थ उरत नाही. स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर रंगाची रेघ ओढा.

आता झाकण बंद करून पाण्यात जा. झाकण उघडे ठेवून घेतलेली चाचणी फसवी असते, कारण बंद हलमध्ये पाइप आतली हवा तापवतो आणि कार्बोरेटर तीच तापलेली हवा ओढतो. इंजिन काही मिनिटे मध्यम गतीने चालवून गरम होऊ द्या. थंड सिलेंडरवर एकदम पूर्ण थ्रॉटल दिला तर पिस्टन आधी फुगतो आणि इंजिन जाम होते. मग संथ पाण्यात, एकाच मार्गावर, दोन्ही दिशांनी पूर्ण थ्रॉटलच्या धावा घ्या आणि सर्वोच्च फेरे, वेग, सुरुवातीचा प्रतिसाद आणि काठावर येताच काळ्या ठिपक्यावरचे तापमान लिहून ठेवा.

फेऱ्यांचा आकडा आणि वेग नेहमी जोडीने वाचा. फेरे वाढले आणि वेग तेवढाच राहिला, तर पाइप सुधारला असे नाही. इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, पाण्याऐवजी फेस घुसळत असण्याची शक्यता अधिक. नवख्यांची सर्वांत जास्त फसगत येथेच होते.

६. एका वेळी एक स्क्रू, पाव फेरा

आता फक्त चेंबरचा किंवा हेडपाइपचा स्क्रू हलवा. आत फिरवला की पाणी कमी, पाइप गरम. बाहेर फिरवला की पाणी जास्त, पाइप थंड. पत्रकात उलट दिशा दिलेली असेल तर पत्रक प्रमाण माना. दरवेळी पाव फेरा, आणि प्रत्येक बदलानंतर कमीत कमी दोन धावा. पहिल्या धावेत पाइप आधीच्या तापमानातून नव्या तापमानात स्थिरावत असतो, तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

लक्षणे अशी ओळखावीत. इंजिन खालून जोरात उठते, पण वर जाऊन लवकर सपाट होते आणि फेरे अडकतात: चेंबरमध्ये पाणी जास्त आहे. खालून ढिले, मध्येच एकदम झटका देऊन सुटते आणि मग वर सुसाट जाते: पाइप तुमच्या वापरासाठी जास्त गरम आहे. तिसरे लक्षण नवख्यांना चकवते. थ्रॉटल दाबल्यावर सुरुवातीला अगदीच निर्जीव, एक-दोन सेकंदांनी जाग आल्यासारखे चालते. हे पाइप गरम असल्याचे वाटते, पण पुष्कळदा उलट असते. हळू चालताना चेंबरमध्ये इतके पाणी साचते की ते उडून जाईपर्यंत लाटच नीट बनत नाही. कोणते ते ओळखण्यासाठी सावकाश मिनिटभर चालवा आणि मग पूर्ण थ्रॉटल द्या. त्यानंतर लगेच थ्रॉटल सोडून पुन्हा द्या. दुसऱ्या वेळी तत्काळ उठले तर पाणी जास्त होते.

ज्या पाइपचा चेंबर एकपदरी, म्हणजे बाहेरून पाण्याच्या आवरणाशिवाय असतो, त्यावर जुने चालक अजूनही थेंबाची परीक्षा घेतात, आणि ती उपयोगी आहे. जोरदार धावेनंतर लगेच बोटांनी चेंबरवर पाणी शिंपडा. थेंब तसेच ओघळले तर पाइप थंड. चर्र आवाज करून उकळत उडून गेले तर शंभर अंशांच्या चांगलेच वर. थेंब गोळ्या होऊन पृष्ठभागावर पळू लागले, तर तो भाग दोनशे अंशांच्या आसपास किंवा पुढे पोहोचला आहे. अशा वेळी आणखी पाणी कमी करण्यापूर्वी थांबा आणि पुढच्या टप्प्यातली तपासणी करा. दुपदरी पाइपवर ही परीक्षा निरुपयोगी आहे, कारण बाहेरून तुम्ही फक्त थंड पाण्याचे आवरण चाचपता.

७. प्लग आणि पिस्टन काय सांगतात

प्रत्येक मोठ्या बदलानंतर, आणि शेवटच्या बसवणीवर तर हमखास, नवे प्लग लावून पूर्ण थ्रॉटलची एक लांब धाव घ्या आणि थ्रॉटल सोडता सोडताच इंजिन बंद करा. हळूहळू काठावर आणलेल्या इंजिनाचा प्लग काठावरच्या संथ चालीची गोष्ट सांगतो, धावेची नाही. चिनी मातीच्या भागाच्या अगदी तळाशी तपकिरी कडे दिसले पाहिजे. पांढराफटक, कोरडा प्लग म्हणजे लीन. आणि त्या मातीवर मिरपुडीसारखे चकाकणारे बारीक कण दिसले, तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, सुरू झाले आहे, त्या दिवशी पुन्हा पाण्यात जाऊ नका.

प्लगच्या भोकातून टॉर्च टाकून पिस्टनचा माथाही पाहा. ट्रान्सफर पोर्टांजवळ, म्हणजे मिश्रण सिलेंडरात येण्याच्या दारांजवळ, ताज्या मिश्रणाने धुतलेले स्वच्छ पट्टे असतात. ते जवळजवळ नाहीसे झाले असतील तर मिश्रण लीन, अर्ध्याहून अधिक माथा धुतला गेला असेल तर रिच. दोन सिलेंडरांत ठळक फरक असेल तर पाइप सोडा आणि टप्पा ३ कडे परत जा.

एक्झॉस्ट तापमानाचे मीटर लावले असेल, तर प्रोब पाणी सोडण्याच्या जागेच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडर आणि पाइप जोडणाऱ्या भागात) असायला हवा, आणि दोन्ही सिलेंडरांत पिस्टनपासून समान अंतरावर. पाण्यानंतर लावलेला प्रोब फक्त वाफेचे तापमान मोजतो. दुसऱ्याच्या इंजिनाचा आकडा आपले लक्ष्य मानू नका. प्रोब दोन बोटे पुढे-मागे असला तरी आकडा बदलतो. शिवाय मिश्रण लीन करत गेले की तापमान आधी चढते, पण फारच लीन झाल्यावर पुन्हा उतरू लागते. म्हणून उतरता आकडा दिसला की सुरक्षित झालो असे समजणे घातक आहे. आधी प्लग पाहा.

८. कार्बोरेटर पुन्हा, मग पाइप पुन्हा

पाइप मनासारखा झाला की कार्बोरेटरच्या वरच्या फेऱ्यांच्या स्क्रूकडे या आणि सुरुवातीला ठेवलेला रिचपणा प्लगच्या साक्षीने थोडाथोडा कमी करा. थोडा शिल्लक राहू द्या. थंड, दाट हवेच्या दिवशी तेच इंजिन आपोआप लीन होते. त्यानंतर पाइपचा स्क्रू दोन्ही दिशांना पाव-पाव फेरा हलवून पाहा. दोन्हीकडे इंजिन खराब होत असेल, तर मधली जागा बरोबर आहे.

इम्पेलर बदलला, सिलेंडरचे डोके बदलून कॉम्प्रेशन वाढवले किंवा पंपाची पाण्याची नळी मोठी केली, तर टप्पा ५ पासून पुन्हा सुरुवात करावी लागते. विशेषतः पाण्याची जास्तीची नळी जोडल्यावर अनेकजण पाइपचे स्क्रू तसेच ठेवतात, आणि मग वरचे फेरे का गेले याचा शोध कार्बोरेटरात घेतात.

९. बसवणी टिकवून ठेवा

शेवटच्या जागा वहीत लिहा, त्या दिवशीची हवा आणि पाण्याचे तापमानही लिहा, स्क्रूंचे लॉकनट आवळा आणि रंगाची नवी रेघ ओढा. प्रत्येक वापरानंतर, खाऱ्या पाण्यानंतर तर न चुकता, गोड्या पाण्याने सगळे मार्ग धुवा. वाळलेल्या मिठाचा थर बारीक जेटचे भोक आतून हळूहळू लहान करतो आणि पाइप कोणी हात न लावता गरम होत जातो. दर चार-पाच वापरांनंतर रबरी जोड काढून आतून बोट फिरवा. बोटाला काळे लागले तर जोड बदला, आणि स्टिंगरचा जेट पुन्हा उजेडासमोर धरा.